टोमॅटोला आधार: काठी, पिंजरा की सुतळी? सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात गच्चीवर टोमॅटोची नऊ रोपं लावली. तिघांना बांबूची काठी, तिघांना विकतचा लोखंडी पिंजरा आणि तिघांना वरून सोडलेली सुतळी. मार्चमध्ये शेवटची झाडं उपटली, म्हणून आता खात्रीनं लिहिते.

सगळ्यात जास्त भरवसा पिंजऱ्यावर होता, आणि पैसेही त्यालाच जास्त पडले. पण उंची तीनच फूट. त्यातली दोन झाडं चेरी टोमॅटोची, ज्यांचा शेंडा वाढायचा थांबतच नाही. दोन महिन्यांत ती पिंजऱ्याबाहेर लोंबायला लागली. नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसात एक झाड पिंजरा-कुंडीसकट आडवं झालं. पिंजऱ्याचे पाय कुंडीतल्याच भुसभुशीत मातीत, मग वाऱ्याला ते किती तग धरणार? तिसरं झाड झुडपी जातीचं होतं, ते मात्र पिंजऱ्यात छान मावलं. फक्त आत पानं दाटतात, हवा खेळत नाही. खालची पानं वेळेवर काढावी लागली, नाहीतर करपा तिथूनच चढतो.

काठीबद्दल तक्रार नाही. माझे मामा नारायणगावजवळ टोमॅटो करतात. त्यांच्याकडे पूर्वी कारवीच्या काठ्या असायच्या, आता बांबू आणि तार. त्यांनी आधीच बजावलं होतं, "अगं, काठी रोपाबरोबरच रोव. मागाहून ठोकलीस तर मुळं तुटतील." एका कुंडीत मी महिनाभरानं काठी रोवली आणि ते झाड आठवडाभर मलूल पडलं. बांधायला आधी नायलॉनची दोरी घेतली, ती खोडात रुतली. मग जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या केल्या. खोड आणि काठी यांच्यामध्ये पीळ देऊन आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारली की खोड जाड झालं तरी काचत नाही.

माझं मन जिंकलं ते सुतळीनं. पत्र्याच्या शेडच्या आडव्या पाइपाला सुतळी बांधली, खाली सोडली आणि दर तीन-चार दिवसांनी शेंडा हळूच तिच्याभोवती फिरवत गेले. दोन पानांमागे साधारण एक वेढा. फुलांच्या घोसावरून मात्र सुतळी जाऊ द्यायची नाही, फळाच्या वजनानं देठ मोडतो. हे काम सकाळी करू नका. तेव्हा खोड पाण्यानं ताठ असतं, कट्‌कन तुटतं. माझा एक शेंडा असाच हातात आला. दुपारनंतर ते लवचिक होतं. त्याच फेरीत पानाच्या बेचक्यातल्या बगलफुटीही खुडायच्या, बोटभर असतानाच. बोटं हिरवी-काळी होतात आणि हात धुताना पिवळं पाणी निघतं. झुडपी जातीच्या बगलफुटी अशा सरसकट काढू नका, फळं त्यांच्यावरच लागतात.

एकच खोड असल्यानं ऊन खालपर्यंत पोचलं, आणि सगळा भार पाइपावर गेल्यामुळे एकही कुंडी कलंडली नाही. चेरीची झाडं सात फुटांवर गेली. चूक एकच झाली: सुतळीचं खालचं टोक मी मातीत पुरलं होतं. रोजच्या पाण्यानं जानेवारीत एक सुतळी तिथंच कुजून तुटली. तेव्हापासून खालचं टोक खोडालाच, एका पानाच्या खाली, दोन बोटं जातील असा सैल फास करून अडकवते.