सात लाखांत कुठली गाडी? वॅगनआर, टियागो, नियॉस की सेकंड हँड

"दाजी, ऑन-रोड सात लाख. वर एक रुपया नाही. कुठली घेऊ?"

मेहुण्याने हा प्रश्न दिवाळीच्या फराळाला बसल्यावर टाकला आणि पुढचे सात-आठ रविवार आमचे शोरूममध्ये गेले. तो पाटणच्या शाळेत शिक्षक, राहायला कराडला. रोजची ये-जा सत्तर किलोमीटर. घरात नवरा-बायको, दोन लेकरं आणि माझ्या सासूबाई. वर्षातून पाच-सहा वेळा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणं ठरलेलं. ही परिस्थिती हजारो घरांची आहे, म्हणून आम्ही काय पाहिलं आणि कशाला किती वजन दिलं ते सविस्तर लिहितो.

आधी सात लाखांचा अर्थ. जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजार. त्यावर इन्शुरन्स, नंबर प्लेट, फास्टॅग. सहा लाखांची गाडी दारात येईपर्यंत सात लाखांची होते. सीएनजीला रोड टॅक्सचा दर कमी आहे, तेवढा दिलासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, त्यामुळे हे बजेट पूर्वीपेक्षा बरंच लांब पोचतं. त्या वेळी वॅगनआर ४ लाख ९९ हजारांपासून, टियागो ४ लाख ५७ हजारांपासून आणि ग्रँड आय टेन नियॉस ५ लाख ४७ हजारांपासून सुरू होत होती. हे सगळे बेस मॉडेलचे आकडे. स्विफ्ट ५ लाख ७९ हजारांपासून होती, पण मनासारखं मॉडेल घ्यायचं तर ती बजेटबाहेर जात होती, म्हणून नवीच्या यादीतून तिला सुरुवातीलाच काढलं.

आता "भरवशाची" म्हणजे काय, यावर आमचा पहिला वाद झाला. मेहुण्याच्या मते जी बंद पडत नाही ती. माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलंय. माझी आधीची गाडी एका छोट्या सेन्सरपायी १९ दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती. कुठल्या कंपनीची ते सोडा. गाडी दणकट होती, इंजिनाला काही झालेलं नव्हतं. पार्ट येत नव्हता, एवढंच. रोज सकाळी फोन करायचा, "साहेब, उद्या येतोय" ऐकायचं आणि एसटी पकडायची. तेव्हापासून माझ्या लेखी भरवशाची गाडी म्हणजे जिचा पार्ट दोन दिवसांत मिळतो आणि जी आपल्या तालुक्यातला मिस्त्री डोळे मिटून खोलतो.

या कसोटीवर वॅगनआर पहिली. १९९९ च्या डिसेंबरपासून ती इथल्या रस्त्यावर आहे. क्लच प्लेट, शॉकअप, बेअरिंग, आरसे, हेडलाइट, काहीही तालुक्याच्या गावी मिळतं, कंपनीचं आणि बाहेरचंही. आमच्या मिस्त्रीला मी तिन्ही गाड्यांची नावं सांगितली तर वॅगनआरवर तो फक्त "घ्या" म्हणाला. नियॉसवर म्हणाला, "इंजिन एक नंबर, पार्ट थोडा महाग." टियागोवर थांबला, मग म्हणाला, "गाडी चांगली. शोरूमची सर्व्हिस कशी आहे ते आधी विचारून या." हा सल्ला लाखमोलाचा निघाला. आम्ही थेट वर्कशॉपच्या गेटवर जाऊन उभे राहिलो आणि गाडी परत न्यायला आलेल्या पाच-सहा जणांना विचारलं. शोरूमचा सेल्समन अर्ध्या तासात जे सांगत नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं. कुठलीही गाडी घ्या, हे जरूर करा.

चालवून पाहिल्यावर

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. आम्ही अख्खं घर घेऊन गेलो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. वॅगनआरचं दार उघडलं, त्यांनी पाठ वळवली आणि खुर्चीवर बसावं तशा बसल्या. वाकणं नाही, धरणं नाही. गाडीची उंची १,६७५ मिलिमीटर आहे, सीटही उंचावर, त्याचा हा फायदा. टियागोत बसताना एक हात दाराला, एक हात माझ्या खांद्यावर, आणि उतरताना "थांब, थांब" म्हणत दोनदा प्रयत्न. नियॉस दोन्हींच्या मधली. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर हा एक मुद्दा दहा फीचर्सवर भारी आहे.

इंजिनाचं सांगायचं तर नियॉसचं १,१९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तिघांत सर्वांत शांत. सिग्नलला उभी असताना चालू आहे की बंद, ते काटा बघून ठरवावं लागतं. टियागोचं तीन सिलिंडरचं, गाडी उभी असताना स्टिअरिंगला थरथर जाणवते, पण वेग धरल्यावर रस्त्यावर ती सर्वांत घट्ट बसते. ८० च्या पुढे हायवेवर ट्रक शेजारून गेला की वॅगनआर हलते, तिच्या उंचीची ही दुसरी बाजू. वॅगनआर दोन इंजिनांत येते, ९९८ सीसी आणि १,१९७ सीसी. पेट्रोलच घेणार असाल आणि घाटातून जाणं असेल तर मोठं घ्या. लहान इंजिनाला एक वेगळा लाभ आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, तो हजार सीसीच्या आत ६,५२१ रुपये आणि वर गेला की १०,६४० रुपये, करांशिवाय.

एएमटी, म्हणजे क्लचविना गिअर, याबद्दल थोडक्यात. शहरात रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये असाल तर जरूर घ्या. घाटात ओव्हरटेक करताना गिअर पडायला जो क्षणभर उशीर होतो, तो मला चालत नाही.

गॅसचं गणित

सीएनजीची गाडी त्याच पेट्रोल मॉडेलपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग. पेट्रोल १०४ रुपये, गॅस ९० रुपये धरला, आणि कंपनीचा आकडा बाजूला ठेवून रस्त्यावरचं अॅव्हरेज पेट्रोलवर १९, गॅसवर २६ धरलं, तर किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. म्हणजे ४५ हजार किलोमीटर चालल्यावर ९० हजार वसूल. महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याला यासाठी साडेसात वर्षं लागतील. त्याने गॅसच्या नादी लागू नये, पेट्रोल घ्यावी. मेहुण्याचं वर्षाला २० हजार किलोमीटर होतं, त्याचे पैसे सव्वादोन वर्षांत फिटतात. त्याच्यासाठी गॅसच. फक्त पंप आपल्या रोजच्या वाटेवर हवा. गॅससाठी वाकडी वाट करून रांगेत तासभर घालवणं म्हणजे पैसे वाचवले आणि वेळ गमावला. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तोही खर्च धरा.

इथे वॅगनआर आणि टियागो यांच्यात खरी चुरस लागली. नियॉसही गॅसवर येते, पण सुरुवातच वरून, त्यामुळे सात लाखांत तिचं पेट्रोल मॉडेलच नीट बसत होतं.

कंपनीच्या आकड्यांनुसार वॅगनआर किलोला ३४.०५ किलोमीटर देते, टियागो २६.४९. रस्त्यावर २८ आणि २२ धरले तर टियागोला किलोमीटरमागे जवळपास ९० पैसे जास्त लागतात. वर्षाला १८ हजार. महिन्याला दीड हजार. हा फरक लहान नाही, शिक्षकाच्या पगारात तर नाहीच.

मग टियागो का विचारात घ्यायची? एक, गॅसवर वॅगनआरची ताकद ५७ पीएसवर येते, टियागोची ७३ च्या आसपास राहते. कुंभार्लीत पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना हा फरक पायाला कळतो. एक गाडी दुसऱ्या गिअरवर रेटावी लागते, दुसरी तिसऱ्यावर खेचते. दोन, डिकी. पेट्रोल वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची, तिघांत सर्वांत मोठी, पण गॅसची टाकी आली की तिच्यात हँडबॅग आणि छत्री एवढीच जागा राहते. टियागोची डिकी मुळात २४२ लिटरची, पण २०२३ पासून तिच्यात एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या आडव्या तळाशी बसवतात आणि वर बॅगा ठेवता येतात. गॅसवाल्या कुठल्याही गाडीत स्टेपनी कुठे आहे, आहे की नाही, हे मात्र डिकी उघडून स्वतः पाहा.

तिसरं कारण सुरक्षेचं, आणि तिथेच मी अडून बसलो.

ग्लोबल एनकॅप या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून या गाड्या तपासल्या आहेत. २०२० मध्ये टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ५ पैकी ४ स्टार मिळाले, लहान मुलांसाठी ३. त्याच वर्षी नियॉसला २ आणि २. वॅगनआरला २०१९ मध्ये २. पुढे २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले आणि २०२३ मध्ये त्या नियमांनी वॅगनआरला मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी शून्य मिळाला. हा १ आणि टियागोचे ४ शेजारी ठेवणं न्यायाचं नाही, नियम वेगळे आहेत. जुन्या नियमांचे ४, २ आणि २ शेजारी ठेवा, चित्र तरीही स्पष्ट आहे. दुसरी बाजूही सांगतो. वॅगनआरला २०२५ पासून सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आहेत, नियॉसलाही सहा, आणि आम्ही पाहिली तेव्हा टियागोला दोनच होत्या. चाचणीतल्या वॅगनआरला सहा नव्हत्या, त्यामुळे आजची गाडी तेव्हापेक्षा बरी असणार. पण एअरबॅग वाढवल्याने गाडीचा सांगाडा बदलत नाही. पत्र्यावर बोट वाजवून "दणकट आहे" म्हणणारे खूप भेटतात. बाहेरच्या पत्र्यावर काही ठरत नाही, आतली चौकट धडक कशी झेलते त्यावर ठरतं.

ज्याच्या मागच्या सीटवर दोन मुलं असतात आणि जो रोज ट्रकांच्या वर्दळीतून ७० किलोमीटर जातो, त्याने हा मुद्दा महिन्याच्या दीड हजारापुढे ठेवायलाच हवा, असं मी त्याला सांगितलं. गावात आणि जवळपासच फिरणाऱ्या, आई-वडील सोबत असणाऱ्या माणसाला मी तितक्याच खात्रीने वॅगनआर सांगेन.

सेकंड हँडचा मोह

सात लाखांत तीन-चार वर्षं वापरलेली स्विफ्ट किंवा नियॉसचं वरचं मॉडेल येतं आणि मोह होतो. ओळखीच्या माणसाची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली, एका हातातली गाडी असेल तर हा सौदा नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. पण आपल्याकडे एक धोका फार मोठा आहे. पुराची गाडी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून दूरच्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते.

आम्ही एक गाडी पाहायला गेलो होतो. पांढरी, चकचकीत, रनिंग ३८ हजार. आत परफ्यूमचा वास जरा जास्तच होता. मी मागचा सीट बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. पहिला हातभर पट्टा स्वच्छ काळा, आणि आत गुंडाळलेल्या भागावर आडवी पिवळसर रेघ, तिच्या खाली वाळलेल्या गाळाचा बारीक थर. बोटाला माती लागली. स्टेपनी उचलली तर तळाच्या खोबणीत तशीच माती आणि नटांना गंज. मालकाला काही न बोलता आम्ही निघालो. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण पट्ट्याचा आतला भाग कुणी ओढून बघत नाही, म्हणून तिथे खरं सापडतं.

याशिवाय आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते सरकारच्या एमपरिवहन अॅपवर पाहा. असेल तर बँकेचं एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली हवी. आणि एप्रिल २०२३ नंतरची गाडी मिळाली तर उत्तम, कारण तेव्हापासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत आणि आता पंपावर तेच मिळतं. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील यांकडे लक्ष ठेवावं लागतं.

मेहुण्याने शेवटी टियागो घेतली, सीएनजी, साध्या गिअरची, वरचं मॉडेल सोडून मधलं. सासूबाई पुढे बसतात. त्या बसण्याआधी तो सीट पूर्ण मागे सरकवतो, मग त्यांना पाय आत घ्यायला जागा होते.

डिलिव्हरी जानेवारीत होती, गेल्या वर्षीची पडून राहिलेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून पासिंगला पैसे भरण्याआधी आम्ही यार्डात जाऊन तीच गाडी पाहिली जी आमच्या नावावर चढणार होती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिल्या गाडीचे टायर आठ महिन्यांपूर्वीचे निघाले आणि कंपनीच्या पट्टीवरचा गाडी बनल्याचा महिनाही तसाच जुना. गाडी तितके दिवस उन्हापावसात उभी होती. आम्ही ती नाकारली, दुसरी मागितली, आठ दिवस थांबलो. एकदा आरटीओत नंबर पडला की मग बदलून मिळत नाही.