‘सगळं आम्ही बघतो’ पॅकेज : १४ महिने वापरल्यानंतर

धंद्याची वेबसाइट आणि ऑनलाइन प्रसिद्धी सांभाळणाऱ्या एका एजन्सीचं हे पॅकेज. घेऊन तीन महिने झाले तेव्हा मी त्याला चार तारे दिले होते. ते मागे घेतोय. किती मागे, ते शेवटी.

गेल्या दोन महिन्यांत जे झालं ते आधी. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “अहो, तुमच्या वेबसाइटवर भलत्याच लोकांच्या मशीनच्या जाहिराती दिसतायत. धंदा विकलात की काय?” बघतो तर खरंच. साइटच्या जागी जाहिरातींचं पान, आणि जाहिराती कुणाच्या, तर माझ्याच धंद्यातल्या इतरांच्या. डोमेनची, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपली होती. मेलही त्याच नावावर, त्यामुळे बिलांवर छापलेला पत्ता तीन दिवस मुका होता आणि मला पत्ताच नव्हता. मी म्हणत होतो, या आठवड्यात कुणी कोटेशन कसं मागत नाही!

पॅकेजमध्ये काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. वेबसाइट, गूगलचं बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद), फेसबुक-इन्स्टाग्राम, महिन्याला १२ पोस्ट आणि ‘डोमेन फ्री’. माझं काम शिलाई मशीन दुरुस्तीचं, सोबत सुटे भाग. आधी माझ्याकडे गूगल प्रोफाइलमधूनच बनणारी फुकट साइट होती. ती सोय गूगलने मार्च २०२४मध्ये बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता निदान प्रोफाइलकडे वळत होता, मग तेही थांबलं. त्या फुकटातून न शिकता मी पुढच्या फुकटाला भुललो, हे कबूल.

एजन्सीला फोन केला. “सर, तिकीट रेझ केलंय.” दुसऱ्या दिवशी, “सर, टीम बघतेय.” तिसऱ्या दिवशी कळलं की डोमेन ज्याच्या मेलवर नोंदवलं होतं तो मुलगा नोकरी सोडून गेलाय. आयकॅन म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला, मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशी आठवण पाठवावीच लागते. पाठवली असणार. सगळी त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. डॉट कॉमसारखं नाव संपलं की लगेच जात नाही. रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या नूतनीकरणाची सवड देऊ शकतो, पण तेवढी देईलच असं नाही. ती गेली की ३० दिवस सोडवून घ्यायची मुदत, तिथे बहुधा दंडासारखे जादा पैसे. त्यानंतरचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग नाव मोकळं, जो आधी उचलेल त्याचं. माझं नाव १९व्या दिवशी परत मिळालं, म्हणून मी आज नुसता चिडलेला आहे. तारीख बघायला काही लागत नाही, आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की कुणालाही दिसते. मालकाचा रकाना मात्र बहुतेक वेळा झाकलेला असतो. म्हणून पॅकेज घेतानाच रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः शिरून बघायचं, नाव आणि मेल कुणाचा आहे. मी वर्षभर साइटचा रंग निळा की हिरवा यावर भांडत बसलो होतो.

आता एजन्सीच्या कामाबद्दल. महिन्याच्या अहवालात ‘मेटा टॅगमध्ये ४० कीवर्ड’, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या कोडमध्ये ४० शोधशब्द भरलेत, अशी ओळ अभिमानाने असायची. क्रमवारीसाठी आपण तो कीवर्डचा टॅग बघत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केलंय. मुख्य पानावर सूट घातलेल्या लोकांच्या हस्तांदोलनाचे पाच फोटो सरकत असायचे. माझ्याकडे येणारा माणूस तेलाने माखलेलं मशीन उचलून आणतो. त्याहून कहर म्हणजे फोन नंबर चित्रातच काढलेला! त्यावर बोट ठेवलं तर काहीच लागत नाही, माणसाने तो कागदावर उतरवून घ्यायचा. सांगितल्यावर ११ दिवसांनी बदलला. १२ पोस्टपैकी आठ सुविचार. सोमवारी वाचणारा कोण, तर मीच.

एवढं लिहून ठेवलं होतं आणि एकच तारा देणार होतो. मग साइट परत आल्यावर आकडे नीट बघितले आणि थोडा नरमलो.

झालं असं होतं की ‘खाली धाग्याचा गुंता होतोय’ असे रोज चार फोन यायचे, आणि मला तेच ते सांगून कंटाळा आला होता. म्हणून एक पान मी स्वतः लिहून दिलं. लोक बॉबिनला (खालच्या धाग्याच्या रिळाला) दोष देतात, पण बहुतेकदा गडबड वरच्या धाग्याची असते. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना धागा ओवला की टेन्शनच्या (धागा ताणून धरणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्या मधे बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. सोबत माझ्याच मोबाइलवर काढलेले दोन फोटो, एकात माझं काळं बोटही आलंय. एजन्सीचं मत, “सर, यात कीवर्ड नाहीत.” साइटवर शोधातून येणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त लोक त्याच पानावर येतात. फुकट उपाय सांगून गिऱ्हाईक जाईल अशी मला धास्ती होती. ज्यांचं भागतं ते फोन करत नाहीत, पण ज्यांचं भागत नाही ते थेट मशीन घेऊनच येतात. सुविचारांनी एकही मशीन आणलं नाही.

दुसरा फरक प्रोफाइलचा. त्यांनी मुख्य वर्ग ‘शिलाई मशीनचं दुकान’ असा टाकला होता. मी तो ‘दुरुस्ती’ केला, वेळा खऱ्या टाकल्या, कामाच्या टेबलाचे फोटो चढवले. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं, शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर माझ्या हातात नाही, मेळ होता आणि तो वर्षभर चुकलेला होता. महिन्याभरात दुरुस्तीचे फोन वाढलेले मलाच जाणवले. एजन्सीने ‘रिव्ह्यू देणाऱ्याला सवलत द्या’ असंही सुचवलं होतं. ते गूगलच्या नियमात बसत नाही, आणि सवलत माझ्या खिशातून जाणार होती.

हे करायला आधी प्रोफाइलवर हक्क हवा होता. प्रमुख मालक अर्थातच तेच! मागणी पाठवली की समोरच्याला तीन दिवस मिळतात. त्यांनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होकार दिला. नव्या मालकाला पहिले सात दिवस जुन्याला काढता येत नाही, तेही थांबलो. आठव्या दिवशी चहा पिता पिता काढलं.

डोमेनसाठी त्याच रजिस्ट्रारकडे माझं खातं उघडून नाव तिकडे वळवून घेतलं. खर्च पाहिला तेव्हा डोक्याला हात लावला. वर्षभर ‘फ्री’ म्हणून मिरवलेली वस्तू पॅकेजच्या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त निघाली. पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, तारीख हत्यारांच्या खणाच्या झाकणावर आतून खडूने लिहिलीये.

तर तारे दोन. एक साइट उभी करून दिल्याबद्दल, कारण मला ते जमलं नसतं. दुसरा त्या ११ दिवसांनी का होईना नंबर दुरुस्त करणाऱ्या मुलीला, ती एकटीच फोन उचलायची. पॅकेज पुढे चालू ठेवलेलं नाही.

इन्स्टाग्राम अजून राहिलंय. लॉगिनचा ओटीपी त्यांच्याच कुठल्यातरी नंबरवर जातो, आणि तो नंबर कुणाकडे आहे ते सध्या त्यांची टीम बघतेय.