'असिस्टंट मॅनेजर' केलं आणि ओव्हरटाइम बुडवला

एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसावाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) न्यू जर्सीत देशी दुकानांमध्ये काम करणाऱ्यांनी हे वाचाच. मी एका किराणा दुकानात तासावर कॅशियर होते. मालक एके दिवशी म्हणाले, "ताई, आजपासून तुम्ही असिस्टंट मॅनेजर. ४० तासांचे ७२० डॉलर, दर आठवड्याला पक्के." पेढेही दिले. तेव्हापासून आठवडा ६० तासांवर गेला. ओव्हरटाइमचं विचारलं, तर म्हणे पगारदार माणसाला तो नसतोच, अमेरिकेचा कायदाच तसा आहे.

तसा अजिबात नाही. १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट सांगतो की आठवड्यात ४० तासांपुढच्या कामाला दीडपट दर. मॅनेजरला सूट आहे, पण त्यासाठी आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार तर हवाच, शिवाय मुख्य काम खरोखर व्यवस्थापनाचं हवं आणि हाताखाली निदान दोन पूर्णवेळ माणसं हवीत. ६८४ चा आकडा मालकांना बरोबर ठाऊक असणार, उगाच नाही ७२० ठरवले! माझ्या हाताखाली होती फक्त तूरडाळीची पोती. माल लावायचा, गल्ला सांभाळायचा, फ्रीजर पुसायचा.

हिशेब करा: तासाला १८, दीडपट २७, जादा २० तासांचे ५४० डॉलर. दर आठवड्याला!

कधी म्हणायचे, या आठवड्यात ५० तास करा, पुढच्यात ३० करू, फिटंफाट. तेही चालत नाही, प्रत्येक आठवडा वेगळा धरतात.

व्हिसाच्या भीतीने बरेच जण गप्प बसतात. केंद्रीय श्रम खात्याचा वेज अँड अवर विभाग व्हिसा न बघता तक्रार घेतो, तक्रार कोणी केली हे मालकाला सांगत नाही, आणि तक्रार केली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम. आमच्याकडे ती नव्हतीच, त्यामुळे फोनच्या कॅलेंडरमधल्या माझ्या नोंदी आणि "उद्या आठला या" असले व्हॉट्सॲप मेसेज कामी आले. थकबाकी मिळाली. कोर्टात गेलं तर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून वरून मिळू शकते.

मात्र दिरंगाई नको. केंद्रीय कायद्यात मुदत दोन वर्षांची, जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन. दर पगाराच्या दिवशी मागचा एकेक आठवडा हातचा जातो. न्यू जर्सीच्या कायद्यात सहा वर्षं मिळतात, तेव्हा तिकडेही विचारा.