जाळीचं तयार खुराडं (६ × ४ फूट): उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

विक्रेते या खुराड्याची क्षमता २० कोंबड्या सांगतात. २४ चौरस फूट म्हणजे सुमारे २२,३०० चौरस सेंमी, कोंबडीमागे अकराशेच्या वर. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले, तेव्हा सुधारित (दांडी आणि अंड्याची जागा असलेल्या) पिंजऱ्यासाठी कोंबडीमागे ७५० चौरस सेंमीची अट होती. त्या मानाने २० हा आकडा ऐसपैस वाटतो. पण तो पिंजऱ्यातला किमान हिशोब झाला, आणि वनराज किंवा गिरिराजसारख्या परसातल्या जातीची कोंबडी पिंजऱ्यातल्या हलक्या लेगहॉर्न जातीपेक्षा बरीच जड असते. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या, फक्त रात्री आत येणाऱ्या १० ते १२ कोंबड्यांसाठी हे खुराडं चांगलं. दिवसभर कोंडून ठेवायच्या असतील तर सहाच ठेवा.

सांगाडा आणि वेल्डिंग दणकट आहे, पावसाळ्यानंतरही गंज फक्त दाराच्या बिजागरीला दिसला. अडचणी आतल्या मांडणीत आहेत.

सगळ्यात आधी बसायची दांडी. सोबत मिळते ती पाऊण इंची लोखंडी पाईप. कोंबडीला पंजा सैल टेकवून त्यावर पोट ठेवून झोपायचं असतं. गुळगुळीत, बारीक पाईपवर पाय घसरतो, म्हणून ती रात्रभर अंग सावरत राहते. पाईप काढून २ × २ इंची लाकडी पट्टी लावा, वरच्या कडा रंध्याने गोल करून. बांबूही चालतो, मात्र त्याच्या फटींत लाल गोचीड दडते आणि रात्री रक्त पिते, त्यामुळे फटी बुजवून घ्या. कोंबडीमागे २० सेंमी जागा धरली तर ६ फुटी पट्टीवर नऊ बसतात. दोन पट्ट्या हव्यात, मध्ये सव्वा फूट अंतर, आणि दोन्ही एकाच उंचीवर. एक वर, एक खाली लावली की संध्याकाळी वरच्या जागेसाठी टोचाटोची सुरू होते आणि दुबळी तलंग (तरुण कोंबडी) खाली जमिनीवर झोपते.

अंड्याची पेटी नेमकी दांडीपेक्षा वर बसवलेली आहे. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते, त्यामुळे चार दिवसांत पेटी शिटेने भरते आणि अंडी मळतात. पेटीचे बोल्ट काढून ती तळापासून वीतभर उंचीवर आणली की हा त्रास थांबतो. समोर गोणपाटाच्या पट्ट्या सोडून अंधार करा, आत भाताचा पेंढा भरा. चार-पाच कोंबड्यांमागे एक कप्पा पुरतो. उजेडात अंडं घालणाऱ्या कोंबडीच्या मागच्या बाजूला इतर टोचतात, फुटलेलं अंडं चाखतात, आणि एकदा चटक लागली की ती मोडणं फार अवघड.

तळाची जाळी शिट खाली पडावी म्हणून आहे. सफाईला ती सोयीची, पण पायांना नाही: जड कोंबडीच्या तळव्याला आधी कडक घट्टा पडतो, मग सूज येऊन पू होतो. शिवाय जाळीवर उकरता येत नाही. दांडीखालचा भाग उघडा ठेवून उरलेल्या अर्ध्यावर प्लायवूड टाका, त्यावर तीन इंच तूस. पावसाळ्यात तूस रोज खालीवर करा, ओलं दिसेल तेवढं काढून टाका. ओल्या तुसात रक्ती हगवण लागते आणि अमोनिया साठतो. वास उभ्याने घेऊ नका, कोंबडीच्या उंचीवर बसून घ्या. तिथे आपले डोळे चुरचुरत असतील तर त्यांना केव्हाचा त्रास होत असतो. म्हणून पावसातही ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट बांधू नये, वरचा फूटभर भाग उघडाच हवा.

राख, बारीक माती आणि वाळू समप्रमाणात भरलेलं एक घमेलं कोरड्या जागी ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, पंख फुलवून माती अंगात मुरवतात. त्याने उवा कमी होतात आणि पिसं साफ राहतात.

उन्हाळ्यात छताचा पत्रा तापतो. वर उसाचं पाचट किंवा ओलं गोणपाट टाकलं की फरक लगेच दिसतो: चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं कमी होतं. पाणी प्यायच्या निप्पलच्या पाईपलाही गोणपाट गुंडाळा. त्यातलं पाणी उन्हाने गरम झालं की कोंबड्या ते सोडून देतात, खाणं घटतं, अंड्याची कवचं पातळ होतात.

या खुराड्याचा खरा दोष म्हणजे दार. फूटभर दार आणि आत चार फूट खोली. कोपऱ्यातली कोंबडी धरायला हात पूर्ण आत घालून पाय ओढावा लागतो. वरून आलेला हात तिला घारीसारखाच वाटतो. दोन-तीनदा असं झालं की माणूस दिसताच सगळ्या एका कोपऱ्यात चेंगरतात. फॅब्रिकेटरकडून मागच्या बाजूला दोन फुटी दार करून घ्या.

औषध-लस द्यायची असेल तर अंधार पडल्यावर दांडीवरूनच उचला. आधी एक हात पाठीवर टेकवून पंख मिटवा, दुसरा छातीखाली सरकवून दोन्ही पाय बोटांत धरा, आणि अंगाशी घ्या. छाती आवळू नका: कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छातीखालचा स्नायूचा पडदा) नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. बाजारात पाय धरून उलटी लटकवलेली कोंबडी गप्प असते ती घाबरून. शिवाय आतड्यांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो, आणि अंड्यावरच्या कोंबडीची हाडं ठिसूळ असल्याने ती मोडू शकतात.

पिसं झडलेली दिसली तर जागा पाहा. शेपटीच्या बुडाशी झडली तर दुसरी कोंबडी टोचते आहे: गर्दी कमी करा, खाद्यातली प्रथिनं आणि मीठ तपासा, कोबीचा गड्डा किंवा मेथीची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगा. गळ्याच्या पुढच्या बाजूला झडली तर खाद्याच्या भांड्याची कड घासते. पाठीवर पंखांच्या मध्ये झडली तर कोंबडा सारखा वर चढतो: कोंबडा एक आणि कोंबड्या कमी, असा हिशोब.

खालच्या दोन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश वरून लावून घ्या, मूळच्या एक इंची जाळीतून साप शिरतो. दाराची साधी कडी मुंगूस हलवून उघडतं, तिथे स्प्रिंगचा हूक लावा.