खालच्या अक्कलदाढेसाठी ओपीजी : कुठे पुरतो, कुठे तोकडा पडतो

अडकलेली अक्कलदाढ कापून काढायची म्हटलं की आधी चिठ्ठी मिळते ती ओपीजीची, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या सपाट एक्स-रेची. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात. या कामापुरते पाचपैकी चार गुण.

दाढेचा कल यात चोख कळतो. पुढच्या दाढेवर रेललेली दाढ सर्वांत जास्त आढळते; बहुतेकदा बरनं, म्हणजे दाताच्या ड्रिलच्या टोकानं, तिचे तुकडे करून काढतात. मागे कललेली दाढ फोटोत गरीब दिसते, पण खालच्या जबड्यात छळते तीच, कारण तिची बाहेर यायची वाट जबड्याच्या मागच्या उभ्या हाडात शिरते. खोली आणि मागची जागा पेल-ग्रेगरीच्या 1933च्या वर्गीकरणानं मोजतात. ए म्हणजे दाढ शेजारणीच्या चावायच्या पातळीला, सी म्हणजे तिच्या मानेच्याही (जिथे मूळ सुरू होतं त्या जागेच्या) खाली. सी आणि तिसरा वर्ग (मागे जागाच नाही, दाढ जवळपास सगळी उभ्या हाडात) एकत्र आले, तर हाड बरंच कोरावं लागणार हे धरून चाला. शेजारच्या दाढेच्या पाठीमागची मोठी कीड दिसते. छोटी मात्र दोन दाढा एकमेकींवर आल्यानं लपते. तिच्यासाठी साधा छोटा एक्स-रे बरा.

गुण कापला तो खालच्या जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेच्या बाबतीत. नसेची नळी दोन पांढऱ्या रेघांसारखी दिसते. मूळ तिच्यावरून जातं तिथे रेघ तुटली, मूळ काळवंडलं किंवा नळी वळली, तर धोका. रूड आणि शेहाब यांनी 1990मध्ये मांडलेल्या सात खुणांपैकी या तीन. पण चित्र सपाट. नस मुळाच्या गालाकडे आहे की जिभेकडे, हे त्यातून कळत नाही. ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. अशी खूण दिसली तरच सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करावा. सरसकट सगळ्यांना सांगणं आम्हाला पटत नाही : पैसे जास्त, किरणंही जास्त. आणि जिभेची नस तर दोन्हींत दिसत नाही, ती सर्जननं हातानंच सांभाळायची.

फोटो बिघडतो तो बहुधा तयारीत. एका कानातलं राहिलं की त्याची मोठी, धूसर सावली समोरच्या बाजूला, थोडी वर उमटते. मंगळसूत्र, चेन, काढता येणारी कवळी सगळं उतरवा. पुढचे दात यंत्राच्या चावायच्या काडीच्या खाचेत धरा, मान ताठ ठेवा, जीभ टाळूला चिकटवा; नाहीतर वरच्या मुळांवर काळा पट्टा येतो. मध्येच हललात तर जबड्याची कड त्या जागी वाकडी येते.

कागदी प्रिंटवर समाधान मानू नका, मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, की पहिली पुसट होते ती नळीची रेघ.