सियाचीनचं मेडल रेकॉर्डवर चढवून घेताना: १४ महिन्यांचा अनुभव आणि एका अक्षराची भानगड

डिस्चार्ज बुक काय, पार्ट टू ऑर्डर काय, हे माजी सैनिकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, डिस्चार्ज बुक म्हणजे सर्व्हिसच्या नोंदींचं पुस्तक, पार्ट टू ऑर्डर म्हणजे पलटण जवानाची नोंद ज्या कागदानं रेकॉर्ड ऑफिसला कळवते तो. आता थेट मुद्द्यावर येतो. मी हवालदार म्हणून २०१३ ला पेन्शन आलो, २४ वर्षं सर्व्हिस. बुकात हाय अल्टिट्यूडचं मेडल आहे, ९ वर्षं सर्व्हिसचं आहे, २० वर्षांचं आहे, स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं आहे (ते १५ ऑगस्ट १९९७ ला जो जो वर्दीत होता त्या सगळ्यांना मिळालं, मला फक्त हजर असल्याबद्दल). आणि जिथं साडेतीन महिने खरंच हाडं गोठवली त्या सियाचीनचं मेडल बुकात नाही. आणि हे मला कळलं पेन्शन आल्यावर अकरा वर्षांनी.

झालं असं की २०२४ च्या १५ ऑगस्टला तालुक्याला माजी सैनिकांचा सत्कार होता, त्याआधी सैनिक कल्याणवाल्यांनी बुकं तपासायला मागवली. तिथल्या पोरानं एकेक मेडलवर टिक केली, मी सांगितलेलं सियाचीन त्याला सापडेना, तर त्यानं झेरॉक्सवर नाही, माझ्या ओरिजिनल बुकावर, पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाला, "आबा, हे तुम्ही लावताय पण बुकात तर नाही." चार माणसं बघत होती. सत्काराला गेलोच नाही मी.

आता बुकात नसलेलं मेडल छातीवर कुठून आलं म्हणाल तर दिल्लीतनं, गोपीनाथ बाजार, १९९८, साठ-सत्तर रुपये. तेव्हा सरकारी मेडल यायला वर्षं लागायची म्हणून सगळेच तिथनं घ्यायचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि रिव्ह्यूच लिहायचा तर त्या मेडलला पाचपैकी पाच, २७ वर्षं झाली, रिबन जरा विटलंय पण मागची पिन अजून एकदम टाइट.

तर अर्ज. आधी पोर्टलवर टाकला, पुतण्यानं मोबाईलवर भरून दिला. पहिली अडचण इथंच. नंबराच्या रकान्यात नुसते आकडेच जातात, शेवटचं अक्षर घेतच नाही! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या आर्मी नंबरच्या शेवटी जे इंग्रजी अक्षर असतं ते शोभेला नसतं. पुढच्या आकड्यांचा हिशोब करून ते निघतं, म्हणजे एखादा आकडा चुकला की अक्षर जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. भरतीच्या दिवसापासून झोपेतनं उठवून विचारलं तरी आम्ही अक्षरासकट नंबर सांगतो, अक्षर विसरला म्हणून उस्तादानं मैदानाला चकरा मारायला लावलेली पोरं मी बघितलीत. आणि हे पोर्टल म्हणतं अक्षर नको. बनवणारा कधी लाइनीत उभा राहिलेला नसणार. अजून एक, फॉर्ममध्ये ऑपरेशन कधी सुरू आणि कधी संपलं हे दोन्ही भरल्याशिवाय पुढंच जात नाही. सियाचीनवरचं ऑपरेशन मेघदूत १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालं हे ठीक, संपल्याची तारीख कुठनं आणू, अजून पोरं तिथं वर बसलीत की. शेवटी पुतण्यानं त्या दिवसाचीच तारीख टाकली. म्हटलं चला, माझ्या अर्जानं सियाचीन संपवलं.

दीड महिन्यानं उत्तर, एक ओळ. रेकॉर्डमध्ये नोंद आढळत नाही, पुरावा सादर करा. अरे नोंद नाही म्हणूनच तर अर्ज केलाय ना!

पुरावा काय देणार? आईनं माझी सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवली होती, ती काढली. ऑक्टोबर ९६ ते जानेवारी ९७, चार पत्रं, सगळ्यांवर पत्ता काय तर केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. जागा कळू नये म्हणूनच तो पत्ता असतो, त्यामुळं पुरावा म्हणून शून्य. आत मजकूर, इकडे थंडी आहे, काळजी करू नये. १९ हजार फुटांवर फायबरच्या इग्लूत रॉकेलच्या स्टोव्हशेजारी बसून लिहिलेलं आहे ते, थुंकी काळी पडायची त्या धुरानं, पेनातली शाई गोठायची म्हणून पेन्सिलीनं लिहिलंय. डाव्या करंगळीच्या शेंड्याला अजून जाणीव नाही, कागद उलटताना ती करंगळी नुसती आडवी येते. पण बेस कॅम्पला पट्टी बांधून परत ड्युटीवर पाठवलेलं, कुठं ॲडमिट नाही, त्यामुळं करंगळीचाही कागद नाही.

मग ॲफिडेव्हिट. शंभरचा स्टॅम्प आता पाचशेचा झालाय, वर नोटरी. सोबत दोन साथीदारांची लेखी साक्ष, एक साताऱ्याकडचा, दुसरा गडहिंग्लजचा, त्याच्याकडं जाऊन मुक्काम करून आणली. ह्या सगळ्यात माझी एक आयडिया सांगतो, तालुक्याला नुसता कागद द्यायचा असला तर मी मंडळींना पाठवायचो, बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. माझं वय अजून सवलतीत बसत नाही. मंडळींनी तीन खेपा केल्या, चौथ्याला म्हणाल्या, मेडल आल्यावर अर्धं माझ्या पदरावर लावा.

त्यावरही उत्तर नाही. मग आरटीआय. पहिल्यांदा दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून पाठवला, गावात सगळे तसंच करतात, तर परत आला. तो स्टॅम्प आपल्या राज्य सरकारच्या ऑफिसांना चालतो, सैन्य म्हणजे केंद्र, तिथं पोस्टल ऑर्डर लागते. आमच्या गावच्या पोस्टात दहाची पोस्टल ऑर्डर नाही, तालुक्याला शिल्लक नाही, दुसऱ्या तालुक्याला मिळाली. दहाच्या ऑर्डरला ऐंशी रुपये एसटी. नंतर पुतण्या म्हणतो काका हे ऑनलाइन पण भरता येतं. आधी का नाही बोलला तो, देव जाणे.

इथपर्यंत मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी एक, तोही नाइलाजानं, असं लिहून पोस्ट करणार होतो. बरं झालं केलं नाही.

आरटीआयचं उत्तर तिसाव्या दिवशी बरोब्बर आलं, आणि त्यात सोबत एका जुन्या पत्राची झेरॉक्स. १९९७ चं पत्र, रेकॉर्डनं माझ्या पलटणीला पाठवलेलं ऑब्झर्वेशन, म्हणजे चूक दाखवून विचारणा. म्हणजे पलटणीनं सियाचीनची पार्ट टू ऑर्डर काढली होती! माझं नाव त्यात होतं! पण टायपिंगमध्ये माझ्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले, अक्षर मात्र बरोबर, डब्ल्यू. आता त्या उलट्या आकड्यांना डब्ल्यू बसत नाही, म्हणून रेकॉर्डनं ती नोंद चढवली नाही आणि दुरुस्त करून पाठवा असं विचारलं. तोवर पलटण दुसऱ्या स्टेशनला मूव्ह झालेली, पत्र कुठल्या ट्रंकेत बसलं कुणास ठाऊक, उत्तर गेलं नाही आणि कुणी परत विचारलंही नाही. २७ वर्षं.

मी तो कागद घेऊन ओट्यावर किती वेळ बसलो होतो. मला वाटत होतं कुणीतरी मुद्दाम डावललं, एका सुभेदारसाहेबांवर तर माझा पक्का संशय होता, त्यांच्या मुलाच्या लग्नालाही मी गेलो नव्हतो. आणि निघालं काय, तर अक्षरानं आपलं काम चोख केलं होतं. चूक पकडली होती त्यानं. माणसं पुढं हलली नाहीत ही गोष्ट वेगळी. तर पोर्टलवाल्यांनो, आता तरी कळलं का ते अक्षर का लागतं?

पुढचं काम मात्र सुसाट झालं. पलटणीला फोन लावला, सध्याचा हवालदार क्लार्क, माझ्या मुलाच्या वयाचा, कधी भेट नाही ओळख नाही. म्हणाला, "सर, कागज व्हॉट्सॲप कर दो, बाकी मेरे पे छोड़ दो." हवालदाराला हवालदारानं सर म्हटलं तिथंच अर्धा राग गेला. नऊ दिवसांनी त्यानं स्वतः फोन केला, जुन्या ऑर्डरची ऑफिस कॉपी सापडली, दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली, नंबर लिहून घ्या. मी लिहून घेतला आणि अक्षरासकट परत वाचून दाखवायला लावला. हसला तो.

सप्टेंबरात रेकॉर्डकडून पत्र आलं, नोंद चढली. बुकात चिकटवायला स्लिप, खाली सही शिक्का. स्लिपवर पहिलं काय बघितलं सांगायला नको. डब्ल्यू, बरोबर.

एकूण खर्च २,३४० रुपये, त्यात गडहिंग्लजला साथीदाराच्या नातवंडांना नेलेला खाऊ धरलेला नाही. गावात विचारतात आता पेन्शन किती वाढणार, तर दमडी नाही. पैसे शौर्याच्या मेडलला असतात, हे सर्व्हिसचं आहे. मग एवढं कशाला केलं याचं उत्तर माझ्याकडं त्या पेन्सिलीच्या खुणेशिवाय दुसरं नाही.

रेटिंग म्हणाल तर आता पाचपैकी तीन. पलटणीच्या क्लार्कला पाच, आरटीआयला चार (एक पोस्टल ऑर्डरचा कापला), पोर्टलला शून्य. ज्यांचं कुणाचं असं अडकलं असेल त्यांनी माझ्यासारखं उलटं जाऊ नका, आधी पलटणीच्या क्लार्कला गाठा, आपली पार्ट टू ऑर्डर निघाली होती का आणि त्यावर ऑब्झर्वेशन पडलं होतं का एवढंच विचारा. आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, आमच्या गावात एकानं केलंय, त्याला आता स्लिप चिकटवायची सोय नाही.

खरं सरकारी मेडल अजून आलेलं नाही, मागणी पुढं गेलीय म्हणतात. आलं की त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो भिंग लावून बघणार आहे. तोवर गोपीनाथ बाजार झिंदाबाद.

प्रश्नचिन्ह अजून बुकात तसंच आहे, स्लिपच्या जरा बाजूला. मंडळी म्हणतात खोडून टाका की. मी म्हटलं ज्यानं काढलंय त्याच्यासमोर खोडरबर ठेवणार, त्यालाच खोडू दे. पण त्यासाठी परत एसटीचं पूर्ण तिकीट काढावं लागतंय, म्हणून राहिलंय.