दोन फुटी प्लांटेड टाकीवर ३० वॅटचा फ्लडलाइट: चालतो का?

प्लांटेड, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीवर तो चालतो, आणि बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच चालतो. तक्रारी येतात त्या तिथूनच.

आपल्याकडची नेहमीची टाकी म्हणजे २४ × १२ × १२ इंच, भरून जेमतेम ५० लिटर. तिच्यावर वर्षानुवर्षे प्लास्टिकचा हूड, म्हणजे दिवा बसवायचे झाकण, आणि त्यात १८ वॅटची टी-८ ट्यूब असायची. ८६५ क्रमांकाची, म्हणजे ६५०० केल्विनची चांगली ट्यूब नवी असताना १३०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते. पण ट्यूब चहूबाजूंनी उजळते आणि हूडमध्ये बहुधा रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे वरच्या बाजूचा बराचसा प्रकाश वायाच जातो. शिवाय वर्षभरात ती डोळ्यांना न कळता मंदावते. त्या उजेडात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन सुखाने राहतात आणि रोटाला नुसती उंच वाढून खालून उघडी पडते. मग माणूस ट्यूब काढून फ्लडलाइट टांगतो, तोही टाकीपासून वीतभर उंचीवर. तीन आठवड्यांत शेवाळाने काच हिरवी होते आणि खापर दिव्यावर फुटते.

आकडेमोड करून बघा. ३० वॅटच्या फ्लडलाइटवर साधारण ३००० ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश, आणि १२० अंशांचा पसारा लिहिलेला असतो. दिवा मातीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर मधोमध सुमारे ४७०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) पडतात, ६० वर २६५०, ८० वर १५००. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागले की झाडांच्या हिशेबाचा प्रकाश, म्हणजे पार, अंदाजे मिळतो: ६७, ३८ आणि २१. सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड, नसलेल्या टाकीला १५ ते ३० पुरतो. सीओटू चालू असेल तर ४० ते ६० देता येतो. म्हणजे सीओटू नसलेल्या टाकीवर दिवा पाण्यापासून निदान हातभर वर हवा, आणि नेमके तेच कुणी करत नाही. हे आकडे कागदावरचे. स्वस्त दिव्यांवर छापलेले ल्युमेन खरे असतीलच असे नाही, तेव्हा टाकी कोरडी असतानाच मातीच्या जागी मोबाइल उताणा ठेवून ॲपने लक्स मोजा. मोबाइलचा सेन्सर ढोबळ असतो, पण दुप्पट-तिप्पट चूक त्यातही दिसते. आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या एलईडीच्या, दिव्याला मात्र हा ७० चा भागाकार लावू नका, तिथे तो फसतो.

उंचीचा आणखी एक फायदा आहे. दिवा ४५ सेंटिमीटरवर असताना दोन्ही टोकांना मधल्यापेक्षा निम्माच प्रकाश पोहोचतो. ६० वर नेला की जवळजवळ दोन तृतीयांश. फ्लडलाइटला डिमर नसतो, त्यामुळे उंची हाच त्याचा डिमर. भिंतीतला एल ब्रॅकेट आणि साखळी घ्या, कडी एकेक करून वर-खाली करता येते. तोटा असा की खोलीत बसलेल्यांच्या डोळ्यांवर तिरीप येते. काळ्या सनबोर्डची चार बोटांची झालर दिव्याभोवती लावली की प्रश्न मिटतो, फक्त मागची पन्हाळ्यांची बाजू झाकू नका. उष्णता तिथूनच बाहेर जाते.

खरेदी करताना दिवा हातात घेऊन वजन बघा. मुंबईत लोहार चाळ किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एकाच वॅटेजचे दोन फ्लडलाइट शेजारी ठेवले तर एक निम्म्या वजनाचा निघतो. हलक्यात वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला स्थिर वीज पुरवणारे सर्किट, नसतो, सगळे सर्किट एलईडीच्याच पाटीवर असते. असा दिवा विजेच्या चढउतारात लवकर जातो आणि अनेकदा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा रोखला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. झाडांना त्याने फरक पडत नाही, टाकीसमोर तासभर बसणाऱ्याला आणि फोटो काढणाऱ्याला पडतो. वेगळ्या ड्रायव्हरचा, आयपी ६५ चा, ६५०० केल्विनचा घ्या. पिवळ्या प्रकाशातही झाडे वाढतात, फक्त टाकी चहा ओतल्यासारखी दिसते.

जोडणीत आळस नको. दिव्यातून तीन वायरी निघतात आणि त्यातली हिरवी किंवा हिरवी-पिवळी, म्हणजे अर्थिंगची, कापून दोन पिनांचा प्लग लावण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. धातूचे खोके पाण्यावर टांगतोय, तीन पिनांचाच प्लग लावा. जोड बंद डबीत घ्या, वायरला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्या म्हणजे ओघळलेले थेंब तिथून खाली पडतील, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना ते बघा. आयपी ६५ म्हणजे फवारा सहन करेल. पाण्यात पडला तर नाही.

हूडच आवडत असेल तर त्यात १० वॅटची दोन फुटी एलईडी ट्यूब बसते. सुमारे १००० ल्युमेन, पण जवळजवळ सगळे खाली, त्यामुळे जुन्या ट्यूबपेक्षा कमी वाटत नाही. सीओटू नसलेल्या टाकीसाठी आमची पहिली पसंती हीच. बसवताना प्लग काढा, स्टार्टर काढा आणि ट्यूबच्या खोक्यावरची आकृती वाचा: काही ट्यूब चोकसह चालतात, काहींना चोक वगळून थेट वीज द्यावी लागते. थेट प्रकारात काहींचे फेज-न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर येतात. अशा हूडमध्ये नंतर कुणी जुनी ट्यूब खोचली तर शॉर्ट होईल, म्हणून आत मार्करने लिहून ठेवा. होल्डरचे पितळ हिरवे पडले असेल तर हूडसकट टाकून द्या. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका, ई-कचऱ्यात द्या.

चिहिरोससारख्या कंपनीच्या आरजीबी बारचा मोह समजण्यासारखा आहे. लाल रोटाला, लुडविजिया त्याखाली पेटल्यासारख्या दिसतात. यातला बराच भाग डोळ्यांचा आहे: दिव्यात लाल जास्त म्हणून पानाचा लाल उठून दिसतो. मोबाइलवरून तीव्रता कमी-जास्त करता येते, ही मात्र खरी सोय आणि फ्लडलाइटवर खरी मात. किंमत ऐकून थांबावे लागते. तेवढ्यात निदान पाच-सहा फ्लडलाइट येतात. सीओटू नसेल तर ते पैसे आधी सिलिंडर आणि रेग्युलेटरवर घाला. बार घेतलाच तर ४० टक्क्यांवर सुरू करा, आणि वीज गेल्यावर त्याचे घड्याळ टिकते का ते पहिल्याच दिवशी प्लग काढून तपासा. साध्या चक्रीच्या टायमरचेही तसेच: गुरुवारी देखभालीसाठी चार तास वीज गेली की तो चार तास मागे पडतो आणि टाकीत मध्यरात्रीपर्यंत दिवस राहतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

दिवा कोणताही असो, बदलल्यावर पहिले दोन आठवडे सहाच तास लावा. मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत जा. एकाच वेळी उंची आणि तास दोन्ही बदलू नका, बिघडले तर कशाने ते कळणार नाही. अनुबियासच्या पानांवर शेवाळाचे कडक हिरवे ठिपके आले तर त्याला दिव्याखालून कडेला हलवा. जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडली तर बहुधा पोटॅशियम कमी पडतेय, नवी पाने फिकी निघाली तर लोह. उजेड वाढला की भूकही वाढते, खत तेवढेच ठेवून चालत नाही. आणि झाकणाच्या काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढले असतील तर नवा दिवा घेण्याआधी काच उतरवून व्हिनेगरने पुसून बघा.